शीतयुद्धाची परिभाषा आणि आपला चांदा

राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न सहसा चुकत नाही : ‘खालील संज्ञा स्पष्ट करा.’ त्याखाली शीतयुद्ध, अलिप्ततावाद, दहशतीचा समतोल, तणावशैथिल्य असे पाचसहा शब्द दिलेले असतात. या प्रश्नाची उत्तरे मी कित्येक वर्षे तपासत आलो आहे. बहुतेक उत्तरे बरोबर असतात. पण ती वाचताना जाणवत राहते की विद्यार्थ्याने हे शब्द पाठ केले आहेत, त्यांच्याशी ओळख केलेली नाही. हे शब्द वॉशिंग्टनचे, मॉस्कोचे, बर्लिनचे. मूल, सावली, अहेरी, सिरोंचा या गावांशी त्यांचा काय संबंध, अशी एक समजूत या उत्तरांच्या मुळाशी असते.

ही समजूत खरी नाही, आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही. परराष्ट्र धोरण ही दूरच्या मोठ्या माणसांची बाब आहे असे एकदा मानले की त्या धोरणाची किंमत आपण कधी आणि कशी मोजली, हेही आपल्याला कळेनासे होते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, यंदाच्या अंकासाठी लिहिताना मी काही निवडक संज्ञा घेतल्या आहेत आणि जमेल तिथे त्या आपल्या जंगलाच्या, धानाच्या आणि कोळशाच्या मुलखातून पाहण्याचा यत्न केला आहे.

‘शीत’ कोणासाठी?

‘शीतयुद्ध’ हा शब्द जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४५ च्या ऑक्टोबरात, हिरोशिमा-नागासाकीनंतर दोनच महिन्यांनी, एका लेखात वापरला होता. अणुबाँब ज्यांच्याकडे आहे ती राज्ये एकमेकांवर उघड हल्ला करणार नाहीत, पण त्यांच्यात खरी शांतताही नांदणार नाही, असे त्याला सुचवायचे होते. पुढे १९४७ साली बर्नार्ड बारूक यांनी तो अमेरिका-रशिया संबंधांना लावला. त्याच वर्षी वॉल्टर लिपमन या पत्रपंडिताने आपल्या पुस्तकाला तेच नाव दिले आणि शब्द रूढ झाला.

अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात १९४५ ते १९९१ या काळात प्रत्यक्ष युद्ध झाले नाही, या अर्थाने शब्द बरोबर आहे. पण याच काळात कोरिया (१९५०-५३), व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान (१९७९-८९) येथे लाखो माणसे मेली. त्यांच्या दृष्टीने हे युद्ध चांगलेच तापलेले होते. म्हणजे ‘शीत’ हे विशेषण युरोपच्या मध्यावर उभे राहून लावलेले आहे. एखादी संज्ञा कोणत्या जागेवरून पाहून तयार झाली, हे ध्यानात घ्यायची सवय इथूनच लावून घ्यावी. महासत्ता स्वतः न लढता दुसऱ्यांच्या भूमीवर, दुसऱ्यांच्या सैनिकांकरवी जी लढाई लढवतात तिला ‘परभारे युद्ध’ म्हणता येईल. शीतयुद्धाची उष्णता अशा युद्धांतूनच बाहेर पडत होती.

प्रभावक्षेत्र, वेढा आणि धुरे

ताडोबाच्या जंगलात हिंडलेल्या माणसाला ‘प्रभावक्षेत्र’ ही संज्ञा समजावून सांगावी लागत नाही. वाघ झाडावर ओरखडे काढून, वास सोडून आपला टापू आखतो. दुसऱ्या वाघाने त्यात शिरू नये, हा त्याचा अर्थ. त्या टापूत राहणाऱ्या चितळ-सांबरांना मात्र कोणी विचारलेले नसते. १९४४ च्या ऑक्टोबरात चर्चिल आणि स्टालिन यांनी मॉस्कोत एका कागदाच्या चिठोऱ्यावर पूर्व युरोपातील देशांत कोणाचा किती टक्के प्रभाव राहील याचे आकडे मांडले. रुमानियात रशियाचा नव्वद टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचा तेवढाच. रुमानियन किंवा ग्रीक जनता त्या खोलीत नव्हती. पुढे १९५६ साली हंगेरीत आणि १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात रशियाचे रणगाडे शिरले, तर ग्वातेमालातील निवडून आलेले सरकार १९५४ साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने उलथवले. टापू दोघांचेही होते.

५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतील फुल्टन या लहानशा गावी एका महाविद्यालयात बोलताना चर्चिल यांनी युरोपवर ‘पोलादी पडदा’ पडल्याचे सांगितले. त्यापाठोपाठ जॉर्ज केनन या अमेरिकन मुत्सद्द्याने १९४७ साली टोपणनावाने लेख लिहून एक धोरण मांडले. साम्यवादी रशियाशी युद्ध करू नये, पण त्याचा विस्तार धीराने, चिकाटीने जागच्या जागी अडवावा. या धोरणाला आपली पुस्तके ‘प्रतिरोध’, ‘परिवेष्टन’ असे जड शब्द वापरतात. आपल्याकडच्या धान पिकवणाऱ्याला ते एका वाक्यात सांगता येईल : पाणी उपसून टाकणे शक्य नसेल तर धुरा पक्का बांधा. १९४७ ची ट्रुमन घोषणा, त्याच वर्षी जाहीर झालेली मार्शल योजना, १९४९ चा नाटो करार, १९५४ चा सीटो आणि १९५५ चा बगदाद करार हे सारे त्या धुऱ्याचे तुकडे. १९५५ साली रशियानेही वॉर्सा करार करून आपल्या बाजूचा धुरा घातला.

१९५४ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आणखी एक कल्पना मांडली. सोंगट्यांची रांग असावी आणि पहिली पाडली की शेवटचीही पडावी, तसे एक देश साम्यवादी झाला की शेजारचे एकामागून एक होतील. आपल्या भाषेत, एका बांधीचा धुरा फुटला की पाणी खालच्या सगळ्या बांध्यांत उतरते. दृष्टांत मनाला पटतो आणि त्यातच धोका असतो. देश म्हणजे उतारावरच्या बांध्या नव्हेत. १९७५ साली सारा व्हिएतनाम साम्यवादी झाला, लाओस आणि कंबोडियाही झाले. पण थायलंड, मलेशिया झाले नाहीत. उलट १९७९ साली चीन आणि व्हिएतनाम ही दोन साम्यवादी राष्ट्रे एकमेकांशीच लढली. एका दृष्टांतावर विश्वास ठेवून केवढे युद्ध लढले गेले, याचा विचार करावा.

धाक

अणुयुगाच्या परिभाषेतील मध्यवर्ती शब्द ‘प्रतिरोधन’. याला माझ्या मते मराठीत एक साधा, नेमका शब्द आहे : धाक. संरक्षण आणि धाक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शेताला काट्याचे कुंपण घालणे हे संरक्षण. रानडुक्कर आले तरी त्याला आत शिरता येत नाही. रात्रभर जागल करून हाळी देणे, डबा वाजवणे हा धाक. डुकराला शिरता येते, पण शिरू नये असे वाटते. अणुबाँबविरुद्ध कुंपण घालता येत नाही. त्यामुळे अणुयुगात सारी भिस्त धाकावर आली.

धाक टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात. मारण्याची ताकद हवी, ती वापरण्याची तयारी आहे असे समोरच्याला पटले पाहिजे, आणि काय केले असता ती वापरली जाईल हे त्याला स्पष्ट कळले पाहिजे. बुजगावणे चार दिवस चालते, पाचव्या दिवशी कावळा त्याच्या डोक्यावर बसतो, कारण दुसरी अट तुटते. रशियाने २९ ऑगस्ट १९४९ रोजी पहिला अणुस्फोट केला आणि धाक दुतर्फा झाला. पुढे प्रश्न असा आला की शत्रूने पहिल्याच हल्ल्यात आपली सारी शस्त्रे नष्ट केली तर धाक कसला? त्यातून ‘प्रतिहल्ल्याची क्षमता’ ही संज्ञा निघाली. पहिला घाव सोसूनही उलट घाव घालता यावा म्हणून क्षेपणास्त्रे समुद्राखाली पाणबुड्यांत लपवण्यात आली. दोन्ही पक्षांना ही क्षमता आली की जो पहिला हल्ला करील तोही मरणार हे निश्चित. या स्थितीला ‘परस्पर विनाशाची हमी’ म्हणतात. डोनाल्ड ब्रेनन या टीकाकाराने इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तिचे ‘मॅड’, म्हणजे वेडे, असे नाव उपरोधाने प्रचारात आणले. ‘दहशतीचा समतोल’ तो हाच. १९८६ च्या सुमारास जगात सुमारे सत्तर हजार अण्वस्त्रे होती. तेवढ्याने समतोल साधला असे म्हणणाऱ्यांना, त्यांतली थोडकीच पुरेशी नव्हती का, असे विचारता येते.

ऑक्टोबर १९६२

धाकाच्या राजकारणाला जॉन फॉस्टर डलेस या अमेरिकन परराष्ट्रमंत्र्यांनी एक टोक दिले. युद्धाच्या कडेपर्यंत जाण्याची तयारी असणे ही मुत्सद्देगिरीतील आवश्यक कला आहे, असे त्यांचे १९५६ मधील मत. त्यावरून ‘कडेलोटाचे राजकारण’ ही संज्ञा आली. तिचे सर्वांत भयंकर उदाहरण म्हणजे क्यूबाचा पेचप्रसंग. रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रे नेऊन ठेवल्याचे १६ ऑक्टोबर १९६२ रोजी अध्यक्ष केनेडी यांना कळले. २२ तारखेला त्यांनी क्यूबाभोवती आरमार उभे करण्याची घोषणा केली. त्याला त्यांनी ‘नाकेबंदी’ न म्हणता ‘क्वारंटाइन’ म्हटले, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते. एका शब्दाच्या निवडीने माघारीला वाट ठेवली. २८ तारखेला क्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे मान्य केले. बदल्यात अमेरिकेने क्यूबावर स्वारी न करण्याचे वचन दिले आणि तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे काढण्याचे गुप्तपणे कबूल केले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन-मॉस्को यांच्यात जो ‘तातडीचा दुवा’ जोडला गेला तो चित्रपटात दिसतो तसा लाल टेलिफोन नव्हता. ते टेलिप्रिंटर होते. घाईत बोललेल्या वाक्यापेक्षा लिहिलेले वाक्य बरे, हा त्यामागचा विचार.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. जग क्यूबाकडे डोळे लावून बसले असतानाच २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमेवर भारतावर हल्ला केला. क्यूबाच्या संकटात चीनला दुखवणे रशियाला परवडणारे नव्हते, आणि त्या दिवसांत ‘प्रावदा’ने चीनला अनुकूल अग्रलेख लिहिला. १९ नोव्हेंबरला पंडित नेहरूंनी केनेडींकडे विमानदलाची मदत मागितली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

याच पराभवाच्या धक्क्यात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावण्यात आले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे तेव्हा म्हटले गेले. पण सह्याद्री गेल्यावर मुंबईत रिकाम्या झालेल्या जागी कोण आले? २० नोव्हेंबर १९६२ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले ते आपल्या चांद्याचे मारोतराव तथा दादासाहेब कन्नमवार. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या योग्यतेचे श्रेय त्यांचेच. पण ज्या दिवशी ते त्या जागी बसले तो दिवस हिमालयातील लढाईने आणि पेकिंग, दिल्ली, मॉस्को, वॉशिंग्टन येथील हिशेबांनी ठरवला होता. जंगलातल्या जिल्ह्याचा इतिहास आणि जगाचा इतिहास एकाच आठवड्यात असे भेटतात.

युद्धानंतर देशाने शस्त्रोत्पादन वाढवले. त्या कार्यक्रमात १९६० च्या दशकात भद्रावतीला दारूगोळ्याची आयुध निर्माणी उभी राहिली. भारताचा नकाशा समोर घेतला तर सर्व सीमांपासून लांब असलेली ही जागा का योग्य, ते लगेच ध्यानात येते. पुढे जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले, २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला, २०२१ साली देशातील आयुध निर्माण्यांच्या कंपन्या झाल्या; निर्माणीच्या नावात मात्र ‘चांदा’ कायम राहिला.

अलिप्तता म्हणजे उदासीनता नव्हे

‘अलिप्ततावाद’ या संज्ञेला तिच्या मराठी रूपानेच थोडा दगा दिला आहे. कमलपत्रावरील पाण्यासारखे अलिप्त राहणे, म्हणजे कशातच नसणे, असा अर्थ आपल्या कानाला लागतो. पुष्कळ विद्यार्थी ‘भारत कोणत्याही भानगडीत पडत नसे’ असे लिहितात ते त्यामुळे. मूळ कल्पना अशी की कोणत्याही लष्करी गटाला बांधून न घेता प्रत्येक प्रश्नावर आपले मत आपण ठरवावे. १९५५ ची बांडुंग परिषद आणि १९६१ ची बेलग्रेड परिषद या तिच्या पायऱ्या. भारत भानगडीत पडत होता : कोरियातील युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी १९५३ साली जनरल थिमय्या यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि भारतीय सैनिक तिकडे गेले.

अलिप्तता प्रत्यक्षात कशी दिसते हे पाहायला महाराष्ट्राचा नकाशा पुरतो. नाशिकजवळ ओझरला रशियाच्या सहकार्याने मिग विमानांचा कारखाना. तारापूरला अमेरिकेने बांधून दिलेले अणुवीजकेंद्र, १९६९ पासून चालू. आणि आपल्या पूर्वेला, गडचिरोलीच्या सीमेपलीकडे थोड्याच अंतरावर, रशियाच्या मदतीने उभारलेला भिलाईचा पोलाद कारखाना. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. दोन्हीकडून घ्यायचे, पण कोणाचे व्हायचे नाही, हे ते धोरण.

ते निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. १९५६ साली सुएझवर भारत जितका कडक बोलला तितका हंगेरीवर बोलला नाही. शिवाय दोन्हीकडून घेणाऱ्यालाही देणाऱ्याचा हात दिसत राहतो. माझे बालपण वरोऱ्याकडचे, ज्वारी खाणाऱ्या भागातले. रेशनवरच्या अमेरिकन तांबड्या ‘मिलो’ ज्वारीची भाकर मी खाल्ली आहे; तिची चव घरात कोणालाच आवडत नसे, पण दुसरे काही नव्हते. पी. एल. ४८० या कायद्याखाली अमेरिका १९५६ पासून भारताला रुपयांत धान्य देत होती. १९६५-६६ च्या दुष्काळात, भारत व्हिएतनामवर टीका करतो म्हणून रागावलेल्या अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता धान्य थोडेथोडे, महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. जहाजातून उतरले की थेट तोंडात, अशी देशाची स्थिती झाली. ‘मदत’ हीसुद्धा परराष्ट्र धोरणातील एक संज्ञा आहे, आणि तिचा अर्थ शब्दकोशापेक्षा रेशनच्या रांगेत चांगला कळतो. हरितक्रांतीची निकड दिल्लीला इतक्या तीव्रतेने वाटली, याचे एक कारण हे होते.

१९७१ साली अलिप्ततेची दुसरी कसोटी लागली. ९ ऑगस्टला भारताने रशियाशी मैत्री करार केला. त्याच्या नवव्या कलमात, एका पक्षावर हल्ला झाल्यास दोघांनी तात्काळ विचारविनिमय करावा असे होते. डिसेंबरात अमेरिकेचे ‘एंटरप्राइझ’ हे अणुशक्तीवर चालणारे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे आले, सुरक्षा समितीत रशियाने नकाराधिकार वापरला, आणि १६ डिसेंबरला ढाका पडले. हा करार म्हणजे अलिप्ततेचा शेवट की तिचाच उपयोग, यावर आजही वाद घालता येतो. पूर्व बंगालची ही कहाणी आपल्याला परकी नाही. तिकडून त्याआधीच उखडून आलेल्या कुटुंबांना १९६० च्या दशकापासून मूलचेरा-चामोर्शीच्या भागात वसवण्यात आले होते. आज तिथल्या गावांत बंगाली बोलली जाते, दुर्गापूजा होते, आणि ती माणसे गडचिरोलीचीच झाली आहेत.

शब्द पुरा पडत नाही तेव्हा

एका प्रश्नाला टाळून पुढे जाणे बरे नव्हे. रशिया आणि चीन यांच्यातील फुटीचे पडसाद भारतीय कम्युनिस्ट पक्षात उमटले आणि तो १९६४ साली फुटला. १९६७ साली नक्षलबारीचा उठाव झाला. १९८० च्या सुमारास आंध्रातील सशस्त्र तुकड्या प्राणहिता ओलांडून सिरोंचा-अहेरीत आल्या. त्यांच्या तोंडी ‘लोकयुद्ध’ हा शब्द होता. तो माओचा, चीनच्या खेड्यांतून आलेला. म्हणून गडचिरोलीत जे घडले त्यालाही शीतयुद्धाची शाखा म्हणावे का? मला ते पटत नाही. इथे कोणत्या महासत्तेने युद्ध लढवले नाही. तेंदूपानाची आणि बांबूतोडीची मजुरी, जंगलावरचा हक्क, वनखात्याशी रोजचा संबंध या इथल्या बाबी होत्या. बाहेरून आलेला शब्द त्यांवर बसवला गेला. त्याची किंमत मात्र दोन्हीकडून बंदुकीच्या मध्ये सापडलेल्या माडिया-गोंड गावकऱ्यांनी मोजली. मोठी संज्ञा हाती आली की सगळे तिच्यात कोंबण्याचा मोह होतो. तो आवरणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

‘शांततापूर्ण’ स्फोट आणि सैल झालेला ताण

१८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने जो स्फोट केला त्याला सरकारने ‘शांततापूर्ण अणुस्फोट’ म्हटले. त्यातले प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतून आले होते. ती भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिलेली. कॅनडाने सहकार्य थांबवले, अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांचा गट स्थापन झाला आणि तारापूरच्या इंधनावरही संकट आले. १९९७ साली राजा रामण्णा यांनीच तो बाँब होता असे सांगितले. १९९८ च्या पोखरणनंतर भारताने ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण स्वीकारले. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केलेली नाही; ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे राहावीत आणि इतरांनी करू नयेत, ही विषमता हा त्यामागचा आक्षेप.

‘तणावशैथिल्य’ म्हणजे वैर संपणे नव्हे, ताणलेली दोरी थोडी सैल सोडणे. १९७२ चा शस्त्रमर्यादा करार, १९७५ चा हेलसिंकी करार ही तिची फळे. अफगाणिस्तानने ती दोरी पुन्हा ताणली, आणि १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील कराराने पुन्हा सैल केली. हा शेवटचा करार २०१९ साली संपुष्टात आला. अमेरिका-रशिया यांच्यातील उरलेल्या मोठ्या अण्वस्त्र कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केल्यापासून प्रभावक्षेत्र, धाक, परभारे युद्ध हे शब्द वर्तमानपत्रांत रोज दिसतात. म्हणजे हा अभ्यासक्रम जुना झालेला नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, संज्ञा जरूर पाठ करा, गुण मिळतील. पण प्रत्येक संज्ञेला तीन प्रश्न विचारा : हा शब्द कोणी, कोणत्या जागेवरून तयार केला? तो काय दाखवतो आणि काय झाकतो? आणि त्याची किंमत शेवटी कोणाच्या घरी पोचली? पहिल्या दोहोंची उत्तरे ग्रंथालयात सापडतील. तिसऱ्यासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. मिलोची भाकर, युद्धफंडाला दिलेली अंगठी, बंगाली शेजाऱ्यांचे पहिले पावसाळे यांविषयी त्यांना विचारा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या अंकाला असे लेखन मिळाले तर संपादक मंडळाला ते छापायला जागा कमी पडणार नाही.